ओळ गेली कुठे? बायबलमधले अवघड उतारे आणि त्यांची मराठी भाषांतरे

लोणंदमधल्या एखाद्या ख्रिस्ती घरातली रविवारची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. आजीच्या मांडीवर काळ्या पुठ्ठ्याचे जुने पवित्र शास्त्र आहे आणि नातीच्या हातात मोबाईल. मत्तयकृत शुभवर्तमानाचा 17वा अध्याय चालला आहे. आजी 20वे वचन वाचते, मग 21वे वाचू लागते. नात तिला थांबवते. "आज्जी, माझ्यात विसानंतर एकदम बावीस आहे. एकविसावं खाली बारीक अक्षरांत टीप म्हणून दिलंय." आजी चष्मा पुसून पुन्हा बघते. तिच्या पुस्तकात ओळ जागच्या जागी आहे. प्रार्थना आणि उपास यांविषयीची ती ओळ तिने लहानपणी पाठ केलेली आहे.

मग दोघींच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. नव्या लोकांनी वचन काढून टाकले, की जुन्या लोकांनी पदरचे घातले होते?

बायबल वाचणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. एका भाषांतरात 'पलंग' असतो, दुसऱ्यात 'काठी'. एकात 'द्वेष' असतो, दुसऱ्यात 'कमी प्रेम'. अशा वेळी मनात शंकेची पाल चुकचुकते आणि पुस्तक मिटले जाते. खरे तर तिथेच पुस्तक जास्त उघडायला हवे. भाषांतरे जिथे वेगळी होतात, तिथे मूळ मजकुरातली एखादी अवघड जागा असते आणि प्रत्येक भाषांतरकाराने ती आपल्या परीने ओलांडलेली असते. या जागा मुख्यतः चार प्रकारच्या आहेत. त्या ओळखता आल्या, तर गोंधळ बराच कमी होतो.

पहिली जागा: नकलेची

छापखाना येण्याआधी पुस्तक म्हणजे नक्कल, आणि नक्कल म्हणजे हाताने केलेली मेहनत. गावातल्या भजनी मंडळाची जुनी वही आठवा. एकाच्या वहीवरून दुसऱ्याने उतरवून घेतलेली, दुसऱ्याच्या वहीवरून तिसऱ्याने. उतरवणाऱ्याला सगळे अभंग तोंडपाठ असतात. त्यामुळे एका अभंगाची ओळखीची ओळ दुसऱ्या अभंगात नकळत उतरते. कोणी समासात आठवणीसाठी दोन शब्द लिहून ठेवतो आणि पुढचा माणूस ते मूळ अभंगातलेच समजून आत घेतो. यात फसवण्याचा हेतू कोणाचाच नसतो. उलट काही सुटू नये, ही काळजी असते.

नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांचेही असेच झाले. आज अशी पाच हजारांहून अधिक हस्तलिखिते ठाऊक आहेत. काही पूर्ण, काही नुसते तुकडे. मत्तयात सांगितलेला प्रसंग मार्कच्या 9व्या अध्यायातही येतो आणि तिथे प्रार्थनेचे वाक्य आहेच. मार्कचे वाक्य पाठ असलेल्या कोणा नकलकाराच्या हातून ते मत्तयातही आले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कारण चौथ्या शतकातल्या दोन अतिशय महत्त्वाच्या प्रतींत, म्हणजे व्हॅटिकनमधल्या आणि सिनाय पर्वताजवळच्या मठात सापडलेल्या प्रतीत, मत्तयातली ही ओळ मूळ मजकुरात नाही.

मग क्रमांक का राहिला? इरॅस्मस या पंडिताने 1516 साली ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या हाताशी मोजक्या आणि बऱ्याच उशिराच्या प्रती होत्या. त्यांत ही ओळ होती. पुढे 1551 साली रोबेर एतिएन या मुद्रकाने वचनांना क्रमांक दिले, तेव्हा तिलाही तिचा क्रमांक मिळाला. सिनायची प्रत अभ्यासकांच्या हाती आली ती एकोणिसाव्या शतकात. ओळ टीपेत गेली, पण क्रमांक हलवता येईना. गावात एखादे घर पाडले, तरी त्याचा मिळकत क्रमांक शेजारच्या घराला देत नाहीत. दिला तर सगळे दप्तर कोलमडेल. म्हणूनच 20नंतर 22 येतो.

प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी येणारे राज्य, सामर्थ्य आणि गौरवाचे स्तुतिवाक्यही मत्तयाच्या जुन्या प्रतींत नाही. कीर्तनाच्या शेवटी जयघोष व्हावा, तसे ते उपासनेतून आले आणि पुढे मजकुरात स्थिरावले. मार्कच्या शेवटच्या अध्यायातली 9 ते 20 ही वचने आणि योहानातला व्यभिचाराचा आरोप झालेल्या स्त्रीचा प्रसंग, यांनाही आज बहुतेक भाषांतरांत टीप जोडलेली असते.

पालखीच्या वाटेवरचा दाखला

ही गोष्ट लोणंदकराला परकी वाटायचे कारण नाही. आषाढी वारीत नीरा नदीत पादुकांना स्नान घालून ज्ञानेश्वर माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. त्या पालखीबरोबर जी ज्ञानेश्वरी चालते, तिचीही हीच कथा आहे. ज्ञानदेवांनंतर तीनशे वर्षे नकला होत राहिल्या आणि मजकुरात फरक शिरले. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, संत एकनाथांनी प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या आणि ग्रंथ शुद्ध केला. पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तीही अशीच शेकडो हस्तलिखिते समोर ठेवून. 1933 साली संपादक सुकथनकरांचे आदिपर्व आले आणि 1966 साली काम पूर्ण झाले.

अशा फरकांना आपल्याकडे 'पाठभेद' हा नेमका शब्द आहे. नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, म्हणून कोणी तिच्यावरची श्रद्धा सोडली नाही. उलट ग्रंथ जपणे म्हणजे काय, हे नाथांनी दाखवून दिले. बायबलच्या तळटीपांकडेही याच नजरेने पाहावे.

पाठभेद तपासणाऱ्यांचा एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दोन पाठ समोर आले, एक सोपा आणि एक खडबडीत, तर खडबडीत पाठ जुना असण्याचा संभव जास्त. कारण नकलकार अवघड वाक्य सोपे करतो. सोपे वाक्य मुद्दाम अवघड कोण करील?

दुसरी जागा: अक्षरांची

जुन्या वाड्यातल्या पेटीत मोडीतले कागद असतात. वारसाची नोंद लागली की ते घेऊन मोडी वाचणाऱ्याकडे जावे लागते. मोडीत आधी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लावत जायचे. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. 'दिन' म्हणजे दिवस की 'दीन' म्हणजे गरीब, ते पुढच्या-मागच्या मजकुरावरून ठरवायचे. 'तोरणावर' हे दारावरचे तोरण, की 'तो रणावर' निघालेला शिपाई, हेही तसेच.

सर्वांत जुनी ग्रीक हस्तलिखितेही अशीच सलग, शब्द न तोडता लिहिलेली आहेत. जुन्या कराराची हिब्रू तर आणखी पुढे जाते. तिथे मुळात व्यंजनेच लिहीत. आपल्याकडे 'म' आणि 'ळ' एवढेच लिहून मळा, माळ, मूळ की मोळी ते वाचणाऱ्यावर सोपवले तर कसे होईल, तसे. तोंडी परंपरेने वाचन पक्के होते, म्हणून अडत नसे. स्वरांच्या खुणा मासोरा नावाची परंपरा सांभाळणाऱ्या यहुदी पंडितांनी बऱ्याच उशिरा, साधारण इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांत लावल्या.

याचा एक सुंदर नमुना बायबलच्या पोटातच आहे. उत्पत्तीच्या 47व्या अध्यायाच्या शेवटी म्हातारा याकोब नमन करतो. कशावर वाकून? हिब्रूत तिथे तीनच व्यंजने आहेत. त्यांना एक स्वर दिला तर 'मिट्टा' होते, म्हणजे पलंग. दुसरा दिला तर 'मट्टे', म्हणजे काठी. यहुदी पंडितांनी पलंग वाचला. पण त्यांच्या कितीतरी शतके आधी जे ग्रीक भाषांतर झाले होते, त्यात काठी वाचली गेली. नव्या करारातले इब्री लोकांना लिहिलेले पत्र त्या ग्रीक भाषांतराला अनुसरते, म्हणून त्याच्या 11व्या अध्यायात याकोब काठीवर टेकलेला दिसतो. एकाच पुस्तकात आधी पलंग आणि मग काठी, याचे कारण एवढेच. अक्षरे तीच आहेत, वाचन दोन आहेत.

इतके असूनही मजकूर किती नेटाने जपला गेला, हे 1947 साली मृत समुद्राकाठच्या गुहांत गुंडाळ्या सापडू लागल्या तेव्हा दिसले. तिथल्या यशयाच्या गुंडाळीमुळे त्या पुस्तकाची हिब्रू प्रत सुमारे हजार वर्षांनी मागे गेली. फरक निघाले, पण पुस्तक तेच निघाले.

तिसरी जागा: शब्दाच्या अर्थाची

लोणंदच्या कांदा बाजारात कोणी म्हणाले, "आज हळवा जास्त आलाय," तर शेतकऱ्याला लगेच कळते. हळवा म्हणजे लवकर तयार होणारा, न टिकणारा कांदा. गरवा म्हणजे उशिराचा, टिकाऊ. आता कल्पना करा, दोन हजार वर्षांनी परक्या देशातला कोणी पंडित हे वाक्य वाचतो आहे. त्याच्या कोशात 'हळवा' म्हणजे कोमल मनाचा. तो लिहील, आज बाजारात कोमल मनाचे लोक जास्त आले होते. शब्द बरोबर, व्याकरण बरोबर आणि अर्थ साफ चुकलेला.

लूकच्या 14व्या अध्यायातले एक वचन वाचकाला असेच बोचते. शिष्य होऊ पाहणाऱ्याने आईबापांचा 'द्वेष' करावा, असे तिथे येते. आईबापांचा मान राखा असे सांगणारे शास्त्र हे कसे सांगेल? किल्ली हिब्रूच्या बोलण्याच्या रीतीत आहे. उत्पत्तीच्या 29व्या अध्यायात याकोबाचे लेआपेक्षा राहेलवर अधिक प्रेम होते असे सांगितले आहे आणि लगेच पुढच्या वचनात लेआसाठी 'द्वेष केलेली' अशा अर्थाचा शब्द येतो. म्हणजे दोघांत एकाला पुढचे स्थान दिले की दुसऱ्यासाठी त्या भाषेत हा कडक शब्द वापरत. मत्तयच्या 10व्या अध्यायात हीच शिकवण 'माझ्यापेक्षा अधिक प्रेम' अशा शब्दांत आली आहे. जुने भाषांतर शब्द राखते, नवे भाषांतर रीत उलगडते. दोन्ही शेजारी ठेवली की उतारा मोकळा होतो.

काही शब्दांचा अर्थ मात्र आजही पुरता लागलेला नाही. प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीआधी येणारा ग्रीक शब्द 'एपिऊसिओस' मत्तय आणि लूक सोडले तर ग्रीक साहित्यात जवळजवळ आढळतच नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिगेन ग्रीकच बोलणारा, पण त्यालाही हा शब्द लोकांच्या वापरात दिसला नाही. 'आजची', 'उद्याची', 'जगण्यापुरती' असे अर्थ सुचवले गेले. लॅटिन भाषांतरात जेरोमने मत्तयात एक अर्थ घेतला आणि लूकमध्ये दुसरा राहू दिला. मराठीत 'रोजची' हा शब्द रूढ झाला. आणि तिच्यापुढची 'भाकर' तर मराठी भाषांतराची मोठी कमाई आहे. गव्हा-जवाच्या रोटीचा मूळ शब्द 'भाकर' होऊन ज्वारी-बाजरीच्या मुलखात पोटाच्या भुकेला थेट भिडला.

अवघड वाटणारी प्रत्येक गोष्ट सोपी करायला मात्र जाऊ नये. सुईच्या नेढ्यातून उंट जाण्याचा दाखला पाहा. यरुशलेममध्ये त्या नावाचा एक बुटका दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून त्यातून जाई, असे प्रवचनांत ऐकायला मिळते. असा दरवाजा असल्याचा पुरावा नाही. उंटाऐवजी दोरखंड असा पाठ काही थोड्या, उशिराच्या प्रतींत आहे. तिथे आपला मघाचा नियम लावा. खडबडीत पाठ जुना. उंट हा उंटच आहे आणि अशक्य गोष्ट अशक्य दिसावी, हाच त्या बोलण्याचा हेतू आहे.

चौथी जागा: मराठीच्या स्वभावाची

आतापर्यंतच्या अडचणी मुळातल्या होत्या. काही प्रश्न मात्र मराठीच उभे करते.

मार्कच्या 4थ्या अध्यायात वादळ सुटले आहे, येशू नावेत झोपला आहे आणि शिष्य त्याला जागे करून म्हणतात की बुडायची वेळ आली. ग्रीकमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द नाहीत. इंग्रजीतही नाहीत. मराठीत आहेत, त्यामुळे मराठी भाषांतरकाराला निवड टाळता येत नाही. 'आम्ही बुडतोय' लिहिले, तर शिष्यांना आपल्याच जिवाची पडली आहे. 'आपण बुडतोय' लिहिले, तर गुरूही त्याच नावेत आहे. एका सर्वनामाने प्रसंगाचा भाव बदलतो. दोन मराठी भाषांतरांत इथे फरक दिसला, तर त्यामागे पाठभेद शोधू नका.

तोच प्रकार आदराचा. ग्रीकमध्ये एका माणसाला एकवचनच. मराठीत 'तू', 'तुम्ही', 'आपण' अशा पायऱ्या. जुन्या मराठी भाषांतरांत येशूसाठी 'तो' येतो. विठ्ठलालाही आपण 'तू'च म्हणतो, त्यामुळे त्यात जवळीक वाटते. काही नवी भाषांतरे आदरार्थी रूप वापरतात.

कधी मराठी इंग्रजीपेक्षा मुळाच्या जवळ जाते. काना गावच्या लग्नात येशू आईला ज्या शब्दाने हाक मारतो, त्याचे इंग्रजी भाषांतर तुटक वाटते. मराठीतला 'बाई' हा शब्द त्या मानाने योग्य आहे, कारण आपल्याकडे शाळेतल्या शिक्षिकेलाही मुले आदराने 'बाई' म्हणतात. क्रूसावरून आईला शिष्याच्या स्वाधीन करताना येशूच्या तोंडी हाच शब्द आहे, हे पाहिले की त्यातली रुक्षता उरत नाही.

दुसरे उदाहरण कळवळ्याचे. लोकांचे हाल पाहून येशूला कळवळा आला, असे शुभवर्तमानांत अनेकदा येते. तिथल्या ग्रीक क्रियापदाचे मूळ 'आतडी' या शब्दात आहे. इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगावे लागते. सातारा-सांगलीकडच्या बाईला सांगावे लागत नाही. लेकरासाठी तिचे आतडे तुटतेच.

शब्द धरावा की अर्थ?

भाषांतरकाराला नेहमी दोन दोऱ्या ओढत असतात. एक मुळातल्या शब्दाची, दुसरी वाचकाच्या समजेची. मराठीने दोन्ही वाटा चारशे वर्षे चालून पाहिल्या आहेत.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात राचोलला छापले गेले. ते भाषांतर नव्हे, ओवीबद्ध कथन आहे आणि त्यात स्वर्गासाठी 'वैकुंठ' असा आपल्या मातीतला शब्द येतो. 1811 साली बंगालमधल्या सेरामपूरहून विल्यम केरी यांचा मराठी नवा करार निघाला. त्यामागे वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने 1826 साली आपला नवा करार काढला. या भाषांतरकारांसमोर सिनायची प्रत नव्हतीच. आजीच्या पुस्तकातली ओळ याच जुन्या परंपरेतून आली.

पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या काळात केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. संस्कृतच्या या विदुषीने भाषा मात्र साधी धरली, कारण समोर त्यांच्या मुक्ति मिशन या संस्थेतल्या, नव्याने अक्षरे शिकलेल्या बाया होत्या. त्याच बायांनी खिळे जुळवले आणि छपाई केली. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या आणि पूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. शब्दाला घट्ट धरून राहिल्यामुळे त्याची वाक्यरचना कधी ताठ होते, पण मुळात काय आहे हे पाहायला तोच ताठपणा उपयोगी पडतो.

अर्थाच्या वाटेने फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. वसईच्या या लेखकाचे 'सुबोध बायबल' आजच्या मराठीत ओघाने वाचता येते, सोबत टिपाही आहेत. साहित्य अकादमीने त्याचा गौरव केला. एक भाषांतर मुळाचा सांगाडा दाखवते, दुसरे चेहरा. माणूस ओळखायला दोन्ही लागतात.

अवघड उतारा समोर आला की

1. एकटे वचन वाचू नका. मागचा आणि पुढचा परिच्छेद वाचा. कोण, कोणाला, कशाबद्दल बोलतो आहे ते पाहा.
2. दोन वेगळ्या स्वभावांची भाषांतरे उघडा: एक शब्दाला धरणारे, एक अर्थाला धरणारे.
3. तळटीप वाचा. 'काही प्राचीन प्रतींत' असे असेल तर प्रश्न नकलेचा. 'किंवा' असेल तर अक्षरांचा अथवा शब्दाच्या अर्थाचा. 'शब्दशः' असेल तर बोलण्याच्या रीतीचा.
4. तोच प्रसंग दुसऱ्या शुभवर्तमानात आहे का, ते बघा.
5. तरीही अडले, तर जाणकाराला विचारा आणि प्रश्न मोकळा राहू द्या. ओढून-ताणून उत्तर काढू नका.

| थोडक्यात |
|---|
| नक्कल: ओळ आहे-नाही असा फरक. उदा. मत्तय 17:21 |
| अक्षर: त्याच व्यंजनांची दोन वाचने. उदा. याकोबाचा पलंग आणि काठी |
| अर्थ: दुर्मीळ शब्द किंवा परकी बोलण्याची रीत. उदा. 'रोजची' भाकर, आईबापांचा 'द्वेष' |
| मराठीचा स्वभाव: आम्ही-आपण, तू-तुम्ही. उदा. वादळातली नाव |

आता लोणंदच्या त्या घरात परत जाऊ. आजीने लबाडी केली नव्हती आणि नातीच्या मोबाईलनेही नाही. आजीचे पुस्तक शतकानुशतके म्हटली गेलेली ओळ सांभाळते. नातीची टीप सांगते की ती ओळ मत्तयात बहुधा मागून आली. आणि प्रार्थनेची शिकवण तर मार्कमध्ये दोघींकडेही आहे.

घरात असे जुने पवित्र शास्त्र असेल तर ते रद्दीत घालू नका, आणि नवे आले म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहू नका. पुढच्या रविवारी दोन्ही शेजारी उघडा, वेगळ्या दिसलेल्या ओळीखाली पेन्सिलीने खूण करा आणि घरातल्या लहान-थोरांनी मिळून तिचे कारण शोधा.